मदतनीस हा शब्द खटकला

‘इंटरव्हेनर म्हणजे मुलाची सगळी कामं करून देणारी मदतनीस’ हे डेफब्लाइंड मुलांवरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. इंटरव्हेनर म्हणजे डेफब्लाइंड, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्हींत अडचण असलेल्या मुलासोबत काम करणारी प्रशिक्षित व्यक्ती. माझ्या भाचीला जन्मापासून जेमतेम उजेड-अंधार कळतो, ऐकू अजिबात येत नाही (बहिणीला गरोदरपणात रुबेला झाला होता). तिच्या पहिल्या शाळेचाही हाच समज होता, म्हणून एक मावशी दिल्या. स्वभावाने प्रेमळ, पण डबा भरवायच्या, चपला चढवायच्या आणि काही न कळवता उचलून दुसऱ्या वर्गात न्यायच्या. डोळे-कान बांधून कुणी आपल्याला असं उचललं तर? ती चावायची. वहीत शेरा ‘हट्टी’.

पुढे प्रशिक्षित इंटरव्हेनर ताई मिळाल्या. आल्या की आधी हातातलं कडं तिला चाचपू द्यायच्या, म्हणजे कोण आलंय ते कळायचं. जेवणाआधी चमचा, बाहेर पडण्याआधी चप्पल तिच्या हातात. तिचा हात धरून ओढायच्या नाहीत, आपला हात तिच्या हाताखाली ठेवायच्या. नकोसं झालं की तिला हात काढून घेता यायचा. आणि मग तिच्या प्रतिसादाची वाट बघत थांबायच्या. ते थांबणं मला तर असह्य व्हायचं! आठेक महिन्यांनी तिने स्वतःहून चमचा आणून माझ्या हातात कोंबला. भूक लागली होती.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डेफब्लाइंडनेसचा उल्लेख आहे खरा. पण आमच्या त्या पहिल्या शाळेने मावशींना नेमताना एवढंच विचारलं होतं, ‘मूल उचलता येईल ना?’