शाळा दत्तक घेताना

गावची शाळा सुधारावी असं मनात आलंय ना? मग ३१ मार्चच्या आत सुधारा. कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमानं सामाजिक कामासाठी काढायला लावलेले तुमच्या कंपनीच्या नफ्याचे २ टक्के तोवर खर्ची पडायला हवेत.

शाळा डांबरी रस्त्यालगतची बघा. वस्तीवरच्या शाळेची गरज जास्त असेलही, पण तिथं फ्लेक्स न्यायचा कसा? सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं तर तुमची मोठीच सोय केलीय. ग्रामीण शाळेला ५० लाखांची मदत द्या, ५ वर्षं शाळेच्या नावाला तुमचं नाव जोडून मिळेल. मुदतीचं दत्तकविधान आपल्या पूर्वजांना सुचलं नव्हतं.

द्यायचं काय? दप्तरं. मागच्या वर्षी दुसऱ्या कुणी दिली असली तरी दप्तरंच. एका घरी त्यात कांद्याचं बी ठेवलेलं मी पाहिलंय, म्हणजे वाया काही जात नाही. नाहीतर स्मार्ट टीव्ही द्या. बिल थकलंय, मीटर काढून नेलंय असं बाई हळूच सांगतील. लक्ष देऊ नका. वीजबिल भरलं तर फीत कुठं बांधणार? आमच्याकडच्या टीव्हीला बाईंनी जुन्या साडीचं छान कव्हर शिवलंय. त्याच्या आडोशाला खिचडीच्या तांदळाचं पोतं बसतं.

स्वतः शिकवायची हौस असेल तर शनिवारी या. शाळा सकाळची असते, तुम्ही पोचेपर्यंत सुटलेली असेल. पोरांना घरून बोलावून आणतील. 'मोठेपणी कोण होणार?' एवढंच विचारा. 'कलेक्टर' असं एका सुरात ऐकू येईल, मागच्या शनिवारच्या ताईदादांनी बसवून घेतलंय. हातच्याची वजाबाकी मात्र काढू नका. तिला तीन आठवडे लागतात आणि फोटोत ती दिसत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. तुमच्यासाठी खुर्च्या मांडणं, नारळ आणणं, पोरींना लेझीम घेऊन उन्हात उभं करणं हे अर्थातच शैक्षणिक. दोनशिक्षकी शाळेत त्या दिवशी चारही वर्ग एकदमच शिकतात.

निघताना गुरुजी एक कागद पुढं करतील. थकलेलं बिल, मुलींच्या संडासाला पाणी, रिकामी असलेली शिक्षकाची एक जागा. घडी घालून खिशात ठेवा. शेरेबुकात लिहा, 'मुलांकडून आम्हीच खूप काही शिकलो.' आणि मागचं पान उलटू नका. तिथंही तेच लिहिलंय.