गुरुवारी साडेआठला पानं घेऊ नका

गुरुवारी रात्री साडेआठला काहीही ठरवू नका. गडकरीचं नाटक, तलावपाळीची चक्कर, सासुरवाडीची माणसं, सगळं बाजूला. साडेआठला एपिक गेम्स स्टोअर या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातला आठवड्याचा फुकट गेम बदलतो. थंडीत अमेरिकेतली घड्याळं मागे जातात, तेव्हा साडेनऊला. फुकट जेवायचं तर यजमानाच्या घड्याळाप्रमाणेच पाटावर बसावं लागतं.

गेम खेळायचा नाही, नुसता घ्यायचा. नावसुद्धा वाचू नका. माझ्याकडे असे तीनशेच्या वर जमलेत, उघडलेत चार. त्यातल्या एकात शेतात ट्रॅक्टर चालवायचा असतो. मी जन्मापासून ठाण्यात, नौपाड्यात. ट्रॅक्टर जवळून पाहिला तो विसर्जनाच्या मिरवणुकीत.

हे वैभव तुम्हाला स्पर्धेने दिलंय, याची जाण ठेवा. स्टीम हे असंच दुसरं दुकान २००३ पासून आहे आणि पीसीच्या गेमचा बाजार वर्षानुवर्षं जवळजवळ त्याचाच. शंभराचा गेम विकला की तीस रुपये दुकानाचे. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने शेजारी पाटी लावली: आम्ही बाराच घेतो! आता जांभळी नाक्यावर मेथीवालीच्या शेजारी दुसरी मेथीवाली बसली तर काय होतं? आई दोघींच्या मधोमध उभी राहते, एकीकडे बघत दुसरीशी बोलते आणि जुडीमागे पाच रुपये सोडवून वर कोथिंबीर घेऊन येते. तुम्ही असला गावंढळपणा करू नका. इथे घासाघीस झाली ती दुकान आणि गेमवाल्यांमध्ये. वाचलेले अठरा रुपये गेमवाल्यांचे. तुमच्या जुडीचा भाव बहुतेक वेळा होता तोच.

स्टीमनेही हात सैल सोडला, एपिक उघडायच्या आठवडाभर आधी. गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या विक्रीवर पंचवीस टक्के, पाच कोटींच्या पुढे वीस. कोपऱ्यात बसून दोघा-तिघांनी केलेल्या गेमला तीसच. ज्याचं पोट भरलंय त्याला आग्रहाने वाढायची आपली पंगतीची रीत साहेबांनाही ठाऊक आहे, हे पाहून ऊर भरून येतो.

दुसरा सल्ला: एकाच दुकानाशी एकनिष्ठ राहू नका, राहू देणारही नाहीत. 'मेट्रो एक्सोडस'ची स्टीमवर आगाऊ विक्री चालू होती. २०१९ च्या फेब्रुवारीत गेम यायचा, आणि जेमतेम अडीच आठवडे आधी एपिकने तो वर्षभरासाठी उचलून नेला. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना स्टीमवरच मिळाला, बाकीच्यांनी नवं खातं काढावं. अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाला दहा डॉलर सुटले, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. तुम्ही घोडबंदर रोडला राहता, ही तुमची चूक.

पासवर्डसाठी एक दोनशे पानी वही घालून ठेवा. स्टीमवर घेतलेला 'जीटीए ५' उघडलात की मध्येच तो गेम करणाऱ्या रॉकस्टारचा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारा त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम, उभा राहतो आणि नाव-गाव विचारतो. म्हणजे तिकीट काढून ठाणे स्टेशनात शिरलात आणि फलाटावरचा दुसरा टीसी म्हणाला, ते ठीक आहे, आता माझ्याकडचंही काढा.

स्टीमवरचा गेम आवडला नाही तर पैसे परत मिळतात. १४ दिवसांच्या आत मागायचे आणि खेळणं दोन तासांच्या आत हवं, बस्स. मी मागच्या पावसाळ्यात सेलमध्ये एक घेतला. नव्वद जीबी उतरायला दोन दिवस लागले. मग माझ्या वीराचं नाक बसवत बसलो. आधी लांब झालं, मग बसकं, मग मामासारखं. नाक मनासारखं झालं तेव्हा एक तास पन्नास मिनिटं झाली होती. लढाई सुरू झाली आणि कॉम्प्युटर विमानासारखा घरघरायला लागला. परत करायचं सुचेपर्यंत मुदत टळली होती. नाक अजून आहे, छान आहे.

आणि 'माझा गेम' असं चुकूनही म्हणू नका. पैसे दिलेत ते परवान्याचे. युबिसॉफ्ट कंपनीचा २०१४ चा गेम 'द क्रू' ३१ मार्च २०२४ ला बंद झाला, अगदी आर्थिक वर्षाचा हिशेब मिटवावा तसा. ज्यांनी रोख मोजून घेतला होता, तेही बाहेर. २००८ पासून चाललेल्या जीओजी या तिसऱ्या दुकानाकडे गेमची फाईल कुलपाशिवाय मिळते, उतरवून ठेवली की आपल्याकडे राहते. तिकडे फिरकूही नका. दुकान रुसेल ही धास्तीच नाही, तर मग गिऱ्हाईक कसले तुम्ही?

असो, आठ सत्तावीस झाले. आईचा गुरुवार आहे, उपास सोडायला माझ्यासाठी थांबलीय. "अरे, वरण निवतंय!" तिसऱ्यांदा. तुम्ही उत्तर देऊ नका, नुसतं "आलो" म्हणा. साडेआठ. पान ताजं करा. या आठवड्याचा गेम झळकलाय, खाली लिहिलंय, हा तुमच्याकडे आधीपासूनच आहे. तरी एकदा दाबून बघा.