नागपूरहून मुलांना घेऊन कोकणात जाताय? मग अख्खं कोकण करू नका

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या कितीतरी घरांत एकच यादी तयार होते. अलिबाग, मुरुड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गणपतीपुळे, मालवण. आणि शेवटी कोणीतरी म्हणतंच, "आता एवढ्या दूर जाऊनच राहिलो, तर गोवाही करून येऊ नं." हे सगळं आठ-नऊ दिवसांत, स्वतःच्या गाडीने, मागच्या सीटवर दोन मुलं आणि मध्ये आजी. ही यादी पाहिली की मला त्या मुलांसाठी वाईट वाटतं. म्हणून यंदा सविस्तर लिहिते आहे.

कोकण आपल्याला लांब आहे, म्हणूनच तिथे जाऊन एकच तालुका पाहावा, असं माझं ठाम मत आहे. "एवढ्या लांब जातोय तर सगळंच पाहू" हा हिशेब ऐकायला बरोबर वाटतो, पण तो मोठ्यांचा हिशेब आहे. जाण्यायेण्यात चार-पाच दिवस मोडणारच आहेत. उरलेल्या दिवसांतही रोज सकाळी बॅगा भरून पाच-सहा तास गाडी हाकली, तर मुलांना समुद्र दिसतो तो खिडकीतून. वाळूत बसून खड्डा खणायला, त्यात पाणी भरताना पाहायला, तो बुजला की पुन्हा खणायला अख्खी संध्याकाळ लागते. यादीत तिच्यासाठी जागाच नसते.

शिवाय कोकणातलं अंतर नकाशावर कळत नाही. आपल्याला सरळ रस्त्यांची सवय. तिथे दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते. समोरचं गाव डोळ्यांना दिसत असतं, पण रस्त्याने जायचं तर आत चिपळूणसारख्या गावापर्यंत वळसा. त्यातून गावातले रस्ते अरुंद, चढ-उताराचे, दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे. पन्नास किलोमीटरला दोन तास लागले तर नवल नाही.

मी गुहागर तालुका सुचवते. त्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेला शास्त्री नदीची जयगड खाडी, पश्चिमेला समुद्र. दोन्ही खाड्यांवर गाडी चढवता येईल अशी फेरीबोट आहे: इकडे धोपावे ते दाभोळ, तिकडे तवसाळ ते जयगड. गुहागर गावात किंवा जवळच्या एखाद्या वाडीत एकच खोली घ्यायची, चार रात्री तिथेच. बॅगा एकदा उघडल्या की उघडल्या. एक दिवस उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि निदान एक दिवस कुठेच नाही.

आता रस्त्याचं. समृद्धी झाल्यापासून आपल्याकडे कुठेही पश्चिमेला जायचं म्हणजे समृद्धी, असं ठरूनच गेलंय. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, आणि तो चांगला आहे यात वाद नाही. पण मुलांसोबत जाताना मी तो परतीसाठी ठेवते. जाताना त्याने गेलं की मुंबईच्या तोंडाशी पोहोचायचं आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं, ज्याचं रायगडातलं काम दहा वर्षांहून जास्त रखडलं. आणि समृद्धीवर मुलांना दिसतं काय? कठडे आणि काँक्रीट.

त्यापेक्षा बुटीबोरीवरून वर्ध्याकडे वळा. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मग सांगोला-मिरज-सांगलीवरून कराड, आणि कुंभार्ली घाटाने खाली चिपळूण. वाटेत दोन मुक्काम: पहिला लातूर किंवा तुळजापूरला, दुसरा कराडला. नोव्हेंबरात या रस्त्याने गेलात तर मुलांना अख्खा महाराष्ट्र पिकांतून दिसतो. यवतमाळपर्यंत कापसाची वेचणी, पुढे तूर, सोलापूरकडे रब्बीची ज्वारी, सांगलीत शिरलं की ऊस, आणि घाट उतरलात की कापलेल्या भाताची खाचरं. भूगोलाच्या पुस्तकातलं हे पान मुलं वर्षभर पाठ करतात. इथे ते काचेबाहेर सरकत असतं. एक कळकळीची सूचना मात्र: सांगली-कराड पट्ट्यात अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. गाळप सुरू झालेलं असतं आणि उसाच्या ट्रॉल्यांना बरेचदा मागचा दिवा नसतो.

कराडचा मुक्काम केवळ झोपण्यासाठी नाही. संध्याकाळी मुलांना प्रीतिसंगमावर न्या. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतराव चव्हाणांची समाधीही तिथेच आहे. मुलांना विचारा, हे पाणी कुठे जातं? कृष्णेसोबत पूर्वेला, आंध्रातून बंगालच्या उपसागराला. मग आपल्या नागनदीचं पाणी कुठे जातं? ते कन्हानला मिळतं, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला, आणि तेही त्याच उपसागराला. म्हणजे आपण घरून निघून इतकं अंतर आलो तरी पाणी अजून पाठीमागेच, पूर्वेलाच वाहतंय. माझी मोठी हे ऐकून गप्पच झाली होती. "मग आपण समुद्राकडे जातोय की समुद्रापासून दूर?" हा तिचा प्रश्न मला अजून आवडतो.

दुसऱ्या दिवशी कोयनानगरजवळून जाताना त्याचं उत्तर मिळतं. धरणामागे अडवलेलं कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलंय. ते घाटाखाली पोफळीला वीज तयार करतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. ही वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळला समुद्राला मिळते. पूर्वेला जायचं ते पाणी माणसांनी डोंगराखालून पश्चिमेला नेलं. आणि दोन दिवसांनी तुमची गाडी फेरीबोटीवर चढेल ती नेमकी त्याच वाशिष्ठीच्या मुखाशी. धरण, घाट, नदी, खाडी, समुद्र असा सगळा धागा मुलांच्या हातात येतो. दहा किनारे पाहून हे होत नाही.

घाटाचं थोडं. कुंभार्ली सकाळीच उतरा, पोट फार भरलेलं नको आणि रिकामंही नको. आपली मुलं सपाटीची, वळणं त्यांच्या अंगात नाहीत. मोबाइल आणि पुस्तकं बाजूला ठेवायला लावा, नजर समोर लांब ठेवायला सांगा, काच थोडी खाली. ज्याला जास्त त्रास होतो त्याच्यासाठी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवलेलं बरं.

आता सर्वांत महत्त्वाचं: भरती-ओहोटी. नागपूरकराला ही गोष्ट अंगवळणी नसते. आपलं पाणी म्हणजे फुटाळा, अंबाझरी, जिथल्या तिथे. माझ्या धाकट्याने पहिल्यांदा ओहोटी पाहिली तेव्हा तो घाबरून म्हणाला, "आई, पाणी मागं काहून जाऊन राहिलं?" दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, मध्ये सुमारे सहा तास, आणि रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अंदाजच आहे तो, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून पाचवीतलं पोर हे गणित करू शकतं आणि त्याला फार अभिमान वाटतो.

मुक्कामाच्या तारखाही यावरूनच धरा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर दुपारच्या आधी भरती आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी गुहागरच्या किनाऱ्यावर ओल्या घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा. इवलेसे खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडतात ती तेव्हाच दिसते. मुलं तासभर हलत नाहीत. अष्टमीला गेलात तर त्याच वेळी भरती, वाळू कमी. सकाळी अकराच्या उधाणाला हेदवीची बामणघळ बघावी. खडकातल्या अरुंद फटीत लाट घुसते आणि उंच उसळते. पण लांबून. तिथल्या ओल्या खडकांवर मुलाचा हात क्षणभरही सोडू नका.

पाणी मागे सरकत असताना मुलांना खोल जाऊ देऊ नका. पाणी ओढतं. दर वर्षी कोकणात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यात आपल्यासारखी आतल्या भागातली, समुद्राची सवय नसलेली माणसं असतात. अंबाझरीला पोहायला येतं म्हणजे समुद्रात येतं, असं नाही. गावातला माणूस "आज उतरू नका" म्हणाला की नाही उतरायचं, वाद घालायचा नाही. आणि गाडी वाळूत नेऊ नका. मोठी गाडी असली तर मुळीच नाही. ती रुततेच, भरती कोणासाठी थांबत नाही, आणि त्या वाळूत कासवांची अंडी असतात.

कासवांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुहागरचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांचा मोठा विणीचा किनारा आहे. थंडीत माद्या अंडी घालतात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२४ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात! प्रीतिसंगमावर पाण्याच्या दोन दिशांबद्दल बोललेल्या मुलाला ही गोष्ट सांगून बघा.

उत्तरेच्या दिवशी अंजनवेलचा गोपाळगड, दीपगृह, टाळकेश्वर. जवळच नव्वदच्या दशकात देशभर गाजलेला एन्रॉनचा वीजप्रकल्प आहे. कोराडीच्या चिमण्या रोज पाहणाऱ्या मुलांना सांगा की इथे कोळशाऐवजी गॅस लागतो. मग धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाऊन परत या; मुलांसाठी तो प्रवासच मोठा असतो. दक्षिणेच्या दिवशी वेळणेश्वर, हेदवीचा दशभुजा गणपती, तवसाळहून बोटीने जयगड, वेळ उरला तर मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान आणि गणपतीपुळे. शेवटची बोट किती वाजता, ते जाताना तिथेच विचारून घ्या.

मे महिन्याबद्दल मी स्पष्ट बोलते: नको. आपल्याकडे ४५ अंश असतात म्हणून तिकडचे ३३-३४ अंश आपल्याला थंड वाटतात. पण हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही आणि लहान मुलं हैराण होतात. आपला कूलर तिथे काही कामाचा नाही, हवा आधीच ओली. मेच्या अखेरीला समुद्रावरच्या बोटी बंद व्हायला लागतात, १ जूनपासून मासेमारीवर बंदी. विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात म्हणून जूनमध्ये बेत आखणारेही पाहिलेत. तोवर तिकडे पाऊस धो धो सुरू झालेला असतो. दिवाळीनंतरचे दिवस किंवा जानेवारी, हेच खरे.

राहायला घरगुती सोय शोधा. जेवण आधी सांगावं लागतं, कारण तिथे माणसं मोजून भात शिजतो. घावणे, कुळथाचं पिठलं, सोलकढी, उकडीचे मोदक. मासे खात असाल तर बांगडा, सुरमई. आपल्या तिखटाची सवय असलेल्या मुलांना पहिल्या दिवशी सगळं गोडसर लागतं. तेव्हा घरच्या काकूंकडे लगेच सॉसची बाटली मागू नका, दोन जेवणं थांबा. आणि जाताना इथून संत्र्यांची एक पेटी न्या. नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री असतात, तिकडे ती अशी ताजी मिळत नाहीत. आमच्या पेटीच्या बदल्यात आम्हाला कोकमं, आगळ आणि घरचे पोह्याचे पापड मिळाले, आणि मुलांची त्या घरातल्या आजोबांशी जी गट्टी जमली ती कुठल्या हॉटेलात जमली नसती.

निघताना गुहागरला नाही, चिपळूणला टाकी भरा आणि थोडी रोकड जवळ ठेवा. परतताना एखादा दिवस हातात उरला, तर घरातलं कोणीतरी नक्की म्हणेल की मालवण काय दूर आहे. तो दिवस गुहागरातच घालवा, किंवा थोडा कोयनानगरला आणि उरलेला कराडला. मालवणसाठी पुढच्या सुट्टीत वेगळं निघा, तेव्हाही चार रात्री एकाच ठिकाणी राहून.