डेक्सा नॉर्मल, तरी पाय मोडतो

मणक्याला मार लागून पायांतलं बळ गेलेल्यांच्या घरी एक फॉरवर्ड हमखास पोचतो: 'नाचणी, दूध, कॅल्शियमच्या गोळ्या घ्या, रोज तासभर फ्रेममध्ये (आधार देऊन उभं करणाऱ्या चौकटीत) उभे राहा, वर्षात हाडे पहिल्यासारखी. कमरेचा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) नॉर्मल असेल तर फ्रॅक्चरची भीती नाही. दुखत नसेल तर एक्स-रेवर पैसे घालवू नका.'

नाचणीशी माझं भांडण नाही. पण हे हाड कॅल्शियमवाचून झिजत नाही. पायावर भार येत नाही, स्नायू हाडाला ओढत नाहीत, मग शरीर ते हाड मोडीत काढतं. पहिल्या काही महिन्यांत त्यातून सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे जात असतं. मुतखड्यांचं ते एक कारण. गोदाम रिकामं होत असताना दारात पोती ओतून काय होणार? ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर घ्यावं, पण रक्त तपासून.

'वर्षात पहिल्यासारखी' हे तर सरळ उलटं. झीज सर्वांत जोरात होते ती पहिल्या एक-दोन वर्षांतच. उभं राहिल्याने सांधे आखडत नाहीत, मनालाही बरं वाटतं. गेलेलं हाड परत येतं याला मात्र भक्कम पुरावा नाही. वर्षानुवर्षं बसून असलेल्याला एकदम फ्रेममध्ये उभं केलं, तर त्यातच पाय मोडू शकतो.

मला सर्वांत खटकतं ते डेक्साचं वाक्य. बसलेल्या माणसाच्या कमरेवर भार असतोच, त्यामुळे तिथलं हाड बरंचसं टिकतं. शिवाय ऑपरेशनचे रॉड-स्क्रू असतील तर त्या मण्यांचा आकडा धरताच येत नाही. झीज होते ती गुडघ्याभोवती: मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं. तिथली घनता काही वर्षांत निम्म्यावर येऊ शकते. आणि पाय मोडतात तेही बहुतेक तिथेच, पलंगावरून खुर्चीत घेताना, फूटरेस्टमध्ये पाऊल अडकून, कधी नुसत्या व्यायामात जरा जास्त वाकवल्याने. म्हणून २०१९ साली इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री या हाडांची घनता मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने अशा रुग्णांत खुब्यासोबत गुडघ्याजवळच्या या दोन्ही जागा मोजायला सांगितलं. आपल्याकडे चिठ्ठीवर सहसा कंबर आणि खुबाच लिहिलेला असतो. गुडघ्याची मोजणी आपणच सांगून करून घ्यावी लागते.

राहिलं 'दुखत नसेल तर'. अहो, संवेदनाच नाही तर दुखेल कसं? पाय सुजला, गरम लागला, लाल झाला, पेटके अचानक वाढले, तर एक्स-रे काढायचाच. रक्ताची गुठळी असली तरी पाय असाच दिसतो, तेव्हा तीही तपासायची. मार छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर न जाणवणाऱ्या फ्रॅक्चरनेही बीपी भसकन चढतं, डोकं ठणकतं, घाम फुटतो. ती इमर्जन्सी आहे.

फ्रॅक्चर निघालंच, तर प्लास्टर घालण्याआधी डॉक्टरांना सांगा की या पायाला स्पर्श कळत नाही. भरपूर कापूस हवा, रोज उघडून पाहता येईल असा स्प्लिंट मिळाला तर उत्तम. नाहीतर आत टाचेला जखम होते आणि तीही दुखत नाही.