रिओतला दहावा नंबर आणि ललिता बाबर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

धावपटू ललिता बाबरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ऑलिंपिकमध्ये दहावी आलेल्या मुलीला चॅम्पियन म्हणायचं, म्हणजे आपल्या अपेक्षा किती खाली आल्यात ते बघा." पुढे तिनं मॅरेथॉन सोडायला नको होती आणि सरकारी खुर्ची मिळताच पळणं थांबवायला नको होतं, असंही म्हणालात. शेवटी, याच शर्यतीतल्या धावपटू सुधा सिंगचा लेखात उल्लेखही नाही, अशी तक्रार केलीत. प्रतिक्रिया कडक असली तरी तुम्ही हा खेळ बघता हे तीत दिसतं. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळा न होता सविस्तर लिहितोय.

आधी त्या दहाव्या नंबरबद्दल. १५ ऑगस्ट २०१६ ला रिओत महिलांच्या ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी झाली. बहारीनची रूथ जेबेट ८:५९.७५ वेळेत पहिली आली. ब्राँझ अमेरिकेच्या एमा कोबर्नला मिळालं, वेळ ९:०७.६३. तोवर कुठलीही अमेरिकन बाई ही शर्यत इतक्या जोरात धावली नव्हती, म्हणजे तिसऱ्या नंबरसाठीसुद्धा अमेरिकेचा राष्ट्रीय विक्रम मोडावा लागला. ललिता ९:२२.७४ मध्ये दहावी आली. पदकापासून पंधरा सेकंद लांब. हे अंतर मोठं आहे आणि ते लहान करून सांगायचा माझा इरादा नाही.

पण ती अंतिम फेरीत कशी पोचली तेही बघा. दोन दिवस आधी, १३ ऑगस्टला, हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ती चौथी आली. पहिल्या तिघींना थेट प्रवेश होता, बाकीच्यांना वेळेच्या हिशोबानं. तिची वेळ होती ९:१९.७६, नवा राष्ट्रीय विक्रम, आणि त्याच वेळेनं तिला आत नेलं. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत याआधीची भारतीय स्त्री होती पी. टी. उषा, १९८४ सालची. मधे ३२ वर्षं गेली. लॉस एंजेलिसला उषाचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, आणि तो चौथा नंबर आपण अजून अभिमानानं सांगतो. तिथे पदक नाही म्हणून कुणी तिचं चॅम्पियनपण काढून घेत नाही.

मी 'चॅम्पियन' हा शब्द काही नुसत्या प्रेमापोटी वापरलेला नाही. २०१५ मध्ये चीनमधल्या वुहानला तिनं ९:३४.१३ वेळेत आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत हीटमध्ये ९:२७.८६ असा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली आणि आठवी आली. जागतिक स्पर्धेत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. हे लेखात होतं. तुम्ही शीर्षकावर अडलात, असं मला वाटतं.

आता मॅरेथॉन. तुमचा हा मुद्दा पहिल्या वाचनात पटण्यासारखा आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिनं २०१३ आणि २०१४ असा सलग दोनदा पहिला नंबर घेतला होता. २०१२-१३ च्या दुष्काळात माण तालुक्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या होत्या, आणि त्याच दिवसांत त्याच तालुक्यातल्या मोही गावची ही पोर मुंबईचे रस्ते गाजवत होती. घरोघरी नाव झालं ते तिथून. मग २०१४ च्या सुरुवातीला तिनं स्टीपलचेसकडे वळायचं ठरवलं, कारण तिला एशियाडचं पदक हवं होतं.

तरी मॅरेथॉन लगेच सुटली नाही. जानेवारी २०१५ मध्ये ती पुन्हा मुंबईत धावली आणि २:३८:२१ वेळेत भारतीय महिलांचा स्पर्धाविक्रम करून सलग तिसऱ्यांदा जिंकली. आता ही वेळ रिओच्या मॅरेथॉनशेजारी ठेवा. तिथे केनियाची जेमिमा सुमगाँग २:२४:०४ मध्ये जिंकली. म्हणजे ललितानं आयुष्यातली सगळ्यात जोरदार मॅरेथॉन तिथे पुन्हा मारली असती तरी विजेती चौदा मिनिटं पुढे असती. एकीकडे ब्राँझ पंधरा सेकंदांवर, दुसरीकडे सुवर्ण चौदा मिनिटांवर. दोन पदकांचा रंग वेगळा आहे हे मान्य, पण तिनं कुठला रस्ता धरायला हवा होता हे यातून कळतं.

आणि स्टीपलचेस ही काही मॅरेथॉनहून सोपी पळवाट नव्हे. साडेसात फेऱ्यांच्या आसपासचं अंतर, २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. हर्डल्समध्ये पाय लागला तर अडथळा पडतो. इथे जाड लाकडी तुळई असते, ती जागची हलत नाही, पडतो तो धावपटू. पाण्याच्या उडीला पुढचा पाय तुळईवर टेकवून अंग पुढे ढकलायचं असतं. खड्डा अडथळ्यालगत सगळ्यात खोल आणि पुढे उथळ होत जातो, त्यामुळे जितकं लांब पडाल तितका पाय कमी बुडतो. दमलेला धावपटू जवळ पडतो, मांडीपर्यंत पाणी येतं, बाहेर निघताना वेग मरतो आणि पुन्हा तो पकडायला ताकद जाते. बूट ओला, मोजा ओला, आणि पुढच्या फेरीत तोच खड्डा पुन्हा समोर. रस्त्यावर तासन् तास एका लयीत पळायची सवय असलेल्या मुलीनं पंचविशीत हे नव्यानं शिकायचं होतं. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली ती ते शिकली. सप्टेंबर २०१४ मध्ये इंचॉनच्या एशियाडला ९:३५.३७, ऑगस्ट २०१६ मध्ये ९:१९.७६. दोन वर्षांच्या आत साडेपंधरा सेकंद कमी. या शर्यतीत एकेक सेकंद कमी करताना काय होतं हे तुम्हाला माहीत असणार.

पुढचा विक्रम व्हायला २०२३ उजाडलं. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी ९:१५.३१ धावली. तोवर सात वर्षं ललिताची वेळ तशीच उभी होती.

नोकरीच्या मुद्द्यावर मात्र तुमच्या बोलण्यात दम आहे, आणि मलाही तिथे चुटपुट लागते. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ही शर्यत बहारीनच्या विनफ्रेड यावीनं ९:३६.५२ वेळेत जिंकली. रिओतली ललिता त्या दिवशी ट्रॅकवर असती तर? एशियाडची शर्यत डावपेचाची असते, वेळेला वेळ जोडून निकाल लावता येत नाही. तरीही १७ सेकंदांचा हा फरक बघून कुठल्याही मराठी माणसाला हळहळ वाटेलच.

पण या हळहळीतून तुम्ही थेट तिच्या निष्ठेवर शंका घेता, तिथे मी तुमच्यासोबत नाही. रिओच्या वेळी ती २७ वर्षांची होती. पुढे राज्य शासनानं तिला उपजिल्हाधिकारी पदावर घेतलं. लांब पल्ल्याच्या धावपटूचं शरीर किती वर्षं साथ देईल याची हमी कुणी देत नाही. एक स्नायू दुखावला की वर्ष वाया जातं, वय वाढलं की शिबिराच्या यादीतून नाव जातं, आणि त्यानंतर कुणी विचारत नाही. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलीसमोर वर्ग एकचं पद असताना तिनं ते नाकारायला हवं होतं, हे म्हणणं आपल्या खुर्चीत बसून फार स्वस्त आहे. प्रश्न विचारायचाच तर तो व्यवस्थेला विचारा. नोकरी आणि सराव दोन्ही नीट चालेल, पुढच्या एशियाडपर्यंत रजा आणि शिबिर दोन्ही मिळेल, अशी सोय आपल्याकडे नियमानं का नसते? बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात राहून याच शर्यतीत जगभर धावतो. सैन्यानं त्याला धावू दिलं. महसूल खात्यात रुजू झालेल्या बाईला तसं धावू देणारी घडी आपण बसवलेली नाही.

सुधा सिंगबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे, लेख ललितावर असल्यानं तिला जागा मिळाली नाही. रायबरेलीच्या सुधानं २०१० मध्ये ग्वांगझूला एशियाडचं सुवर्ण जिंकलं होतं, तेही भारतात ही शर्यत फारशी कुणाला ठाऊक नसताना. इंचॉनला ललिताला ब्राँझ मिळालं तेव्हा चौथी सुधा होती, ९:३५.६४. दोघींमध्ये २७ शतांश सेकंद. ललितानं त्या शर्यतीत मोडलेला राष्ट्रीय विक्रम सुधाचाच होता. जकार्ताला ललिता नव्हती, तिथे रौप्य सुधानं आणलं, आणि २०१९ मध्ये २:३४:५६ धावून ललिताचा मुंबई मॅरेथॉनचा विक्रमही तिनं मोडला. या दोघींनी एकमेकींना किती वर्षं पुढे ढकललं त्यावर स्वतंत्र लेख लिहायला घेतो. तुमच्याकडे ग्वांगझूच्या वेळची मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर जरूर पाठवा.