थंडी अंगवळणी पडली म्हणून नव्हे

प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की इक्वेडोरमधल्या चिंबोरासो प्रांताच्या भूगोलात मी जमीनदार उगाच घुसडले. तुमच्या मते, तिथल्या आदिवासींची शरीरं विरळ हवेला सरावलेली आहेत, म्हणून ते उंचावर राहतात, एवढंच पुरेसं आहे. मला हे मुळीच पटत नाही.

उंचीचा प्रताप मोठा आहे, यात वाद नाही. हा प्रांत विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंश दक्षिणेला. तिथली थंडी-ऊब महिन्यावर नाही, उंचीवर ठरते. नैर्ऋत्य कोपऱ्यातलं कुमांदा सुमारे ३०० मीटरवर, दमट आणि उकाड्याचं. प्रांताची राजधानी रिओबांबा २,७५० मीटरवर, आणि चिंबोरासोचं बर्फाच्छादित शिखर ६,२६३ मीटरवर. साधारण ३,५०० मीटरच्या वर पारामो, म्हणजे गार वाऱ्याचा गवताळ माळ, सुरू होतो. त्याच्या आसपासच्या शेतांत निरभ्र रात्री पारा शून्याखाली गेला की बटाट्याचं उभं पीक करपतं.

आता प्रश्न असा, की हे करपणारं शेत कोणाच्या वाट्याला आलं? विरळ हवेला सरावलेलं शरीर ३,५०० मीटरवर जगू शकतं, हे खरं. पण तेच शरीर २,७०० मीटरवरच्या सपाट, पाटाच्या पाण्याच्या जमिनीतही सुखानं नांदेल. ती जमीन मात्र हासिएंदांची, म्हणजे जमीनदारांच्या मोठ्या मळ्यांची होती. पुरुहा, म्हणजे तिथल्या आदिवासी, कुटुंबांना मिळायचा तो 'वासिपुंगो', बहुधा उतारावरचा तुकडा, आणि त्याच्या बदल्यात आठवड्यातले बहुतेक दिवस मालकाच्या शेतावर राबणं. ही पद्धत कायद्यानं संपली १९६४ साली. म्हणजे आज गावात बसलेल्या म्हाताऱ्यांनी ती अंगावर काढलेली आहे. त्या जमीनसुधारणेतही कसदार जमीन बरीचशी मालकांकडेच राहिली आणि कुळांच्या नावावर उतार चढले. रिओबांबाचे बिशप लिओनिदास प्रोआन्यो यांनी चर्चच्या जमिनी शेतकऱ्यांना दिल्या, १९६२मध्ये रेडिओवरून साक्षरतेचे वर्ग सुरू केले. त्याची गरज का पडली, हे हवामानाच्या तक्त्यात सापडणार नाही. ग्वामोते तालुक्यात दहापैकी नऊहून अधिक माणसं आदिवासी आहेत आणि जिरायती बार्ली-बटाट्यावर जगतात. तिथला नकाशा या इतिहासाशिवाय वाचता येत नाही.

लोकसंख्येबद्दलही तुम्ही लिहिलंत, की 'आवडतं म्हणूनच टिकून आहेत'. २०१० ते २०२२ या दोन जनगणनांमध्ये इक्वेडोरची लोकसंख्या सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. चिंबोरासोची मात्र ४ लाख ५९ हजारांवरून ४ लाख ७२ हजारांवर गेली, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. त्यातही निम्म्याहून जास्त लोक एकट्या रिओबांबा तालुक्यात. उतारावरच्या गावांतली तरुण मुलं देशाच्या राजधानीला किटोला, ग्वायाकिलला, परदेशात जाताहेत. ग्वायाकिल तर समुद्रसपाटीला आहे, घामाच्या धारा लावणारं. थंड, विरळ हवेसाठी घडलेली माणसं तिथे हमाली करायला का उतरतात, याचं उत्तर तुमच्या मांडणीत मला कुठेच दिसलं नाही.