आंटींचा डबा

आज दुपारी आमच्या चिनी वंशाच्या आंटींचा डबा परत द्यायला त्यांच्या माझगावातल्या चायनीज हॉटेलात गेलो होतो आणि तिथून जो संताप घेऊन घरी आलो आहे, तो लिहून काढल्याशिवाय रात्री झोप लागणार नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना मी कधी ना कधी या हॉटेलात जेवायला नेलेले आहे, त्यामुळे मी कोणाविषयी बोलतो आहे हे वेगळे सांगायला नको. हॉटेलाचे नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की उद्या आणखी चार जण मोबाइल सरसावून तिथे पोहोचतील, आणि आजचा एकच पुरेसा होता.

जेवणाची गर्दी ओसरली होती. आंटी नेहमीप्रमाणे गल्ल्यावर बसून पातीचा कांदा निवडत होत्या. पंचविशीतला एक मुलगा आला, कॉलरला छोटा माइक, हातात काठीवर लावलेला मोबाइल. “आंटी, मराठीत काहीतरी बोला ना, लोकांना फार आवडेल,” असे म्हणत त्याने तो मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. आंटी बोलल्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून त्याने तेच वाक्य त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. मग विचारले, “तुम्ही मूळच्या कुठल्या?” आंटी म्हणाल्या, “इथल्याच, भंडारवाड्याच्या.” “तसं नाही, मूळच्या?” “जन्म जे. जे. हॉस्पिटलातला.” तरी त्याचे समाधान होईना. “मग चायनाला परत जावंसं वाटत नाही का?” आंटी हसल्या. ते हसू मी पस्तीस वर्षे ओळखतो. बिलावरून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि दारू पिऊन आलेल्या माणसाला त्या तेच हसू देतात.

परत! ज्या देशात त्यांनी आयुष्यात एकदाही पाऊल ठेवलेले नाही, तिथे त्या परत कशा जाणार?

आता डब्याविषयी सांगतो. १९९१ साली मी सातवीत होतो आणि बाबांना कावीळ झाली होती. बाबा माझगाव डॉकमध्ये, म्हणजे जहाजबांधणीच्या गोदीत, कामाला होते आणि पगाराच्या दिवशी आम्हां चौघांना या हॉटेलात न्यायचे. दोन प्लेट नूडल्स, एक फ्राइड राइस आणि सूप वन बाय टू, याच्या पलीकडे आमची मागणी कधी गेली नाही. त्या महिन्यात पगार झाला तरी आम्ही गेलो नाही. दुसऱ्या महिन्यातही गेलो नाही, तेव्हा आंटींनी डॉकमधल्या कोणाकडे तरी चौकशी केली आणि एका संध्याकाळी त्या स्वतः आमच्या चाळीचे तीन मजले चढून आल्या. हातात स्टीलचा तीन पुडांचा डबा होता. बाबांच्या तोंडाची चव पार गेली होती, तेल आणि तिखट बंद होते आणि आईने केलेले काहीही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हते. आंटींनी खालचे पूड उघडले. पांढरीशुभ्र, दाट, वाफाळती पेज, वर केसासारखे बारीक कापलेले आले आणि पातीच्या चार हिरव्या चकत्या. “तांदूळ, पाणी, मीठ, आलं. दुसरं काय नाय, वहिनी. तुमची पेजच आहे,” असे त्या म्हणाल्या. बाबा मालवणचे. त्यांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, “आयेन केल्यासारखी लागता.”

कँटन म्हणजे आजचे ग्वांगझाऊ. त्या बाजूला आजारी माणसाला हीच पेज देतात, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. बाबांना ते समजायची गरजच पडली नाही.

त्या मुलाचे आणखी एक वाक्य डोक्यातून जात नाही. मेनूकार्ड चाळताना तो मोबाइलकडे पाहून म्हणाला, “इथलं खाणं ऑथेंटिक चायनीज नाहीये, बरं का.” मंच्युरियनवर त्याचे बोट होते. मंच्युरियन चीनमध्ये कोणी खात नाही, हे खरे आहे. तो पदार्थ १९७५च्या सुमारास याच मुंबईत, चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वँग यांनी केला. आले, लसूण आणि हिरवी मिरची यांची आपली नेहमीची फोडणी घेऊन त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातले आणि गिऱ्हाइकांनी ते उचलून धरले. मग तो पदार्थ खोटा कसा? बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले, म्हणून वडापावाला कोणी खोटा म्हटलेले मी तरी ऐकलेले नाही. मुंबईत जन्मलेल्या पदार्थाला मुंबईचा म्हणायचे आणि मुंबईत जन्मलेल्या बाईला मात्र मूळ गाव विचारत बसायचे, हा न्याय मला मान्य नाही.

आणि ‘ऑथेंटिक’ हवेच असेल, तर ते मेनूकार्डात मिळणार नाही. अंकल, म्हणजे आंटींचे यजमान, होते तोवर पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायचे. माशाचा कल्ला अंगठ्याने उचलून आतला लालपणा पाहायचे, पोटावर बोट दाबून पाहायचे आणि मगच जिताडा घ्यायचे. तिथल्या कोळिणी त्यांच्यासाठी मासा बाजूला काढून ठेवायच्या आणि भावात घासाघीस झाली की त्यांना दोन शिव्याही द्यायच्या. तो जिताडा घरच्यांसाठी आणि आमच्यासारख्या दोन-चार घरोब्याच्या लोकांसाठी अख्खा वाफवला जायचा. वर आले आणि पात पसरायची, कडकडीत तापवलेले तेल ओतायचे, चुर्र असा आवाज व्हायचा आणि मग कडेने सोया सॉसची धार सोडायची. मसाला नाही, हळद नाही. मालवणी माणसाने तिरफळाशिवाय मासा खावा आणि काटे चोखून पुन्हा मागावा, असे आमच्या घरात तेवढ्या एकाच ताटाच्या बाबतीत घडले.

आंटींचा जन्म जे. जे. रुग्णालयातला, हे त्या मुलाने ऐकले आणि सोडून दिले. जे. जे. कोणाच्या पैशाने उभे राहिले? सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या. आणि जमशेटजींचा पैसा कुठून आला? कँटनच्या व्यापारातून. इथून कापूस आणि अफू जायची, तिकडून चहा आणि रेशीम यायचे. ते स्वतः जहाजाने अनेकदा तिकडे जाऊन आले होते. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतल्या कितीतरी मोठमोठ्या देणग्यांच्या मुळाशी हाच चीनचा व्यापार होता. आपण रोज सकाळी ज्याला ‘चहा’ म्हणतो, तो शब्दसुद्धा तिकडचाच आहे. ज्या शहराने कँटनच्या जिवावर दवाखाने बांधले, त्या शहराने, त्याच दवाखान्यात जन्मलेल्या आणि कँटनकडून आलेल्या माणसांच्या नातीला, परत कधी जाणार म्हणून विचारावे? हे लिहितानाही माझे हात थरथरत आहेत.

माझगावातच चिनी मंडळींचे सी यूप कून नावाचे देऊळ आहे. ते १९१९ सालचे. बाहेरून साध्या घरासारखे दिसते, त्यामुळे रोज त्यावरून जाणाऱ्यांनाही ते ठाऊक नसते. चिनी नववर्षाला तिथे लाल मेणबत्त्या लागतात, उदबत्त्यांचा धूर कोंडतो आणि कधीकाळी शुक्लाजी स्ट्रीटच्या परिसरात राहणाऱ्या कुटुंबांतले उरलेसुरले लोक भेटतात. आता फार थोडी घरे राहिली आहेत. पुष्कळ जण कॅनडाला गेले. आंटींचा मुलगाही टोरांटोलाच आहे.

ते का गेले, हे आपण कधी विचारले का? १९६२चे भारत-चीन युद्ध ऑक्टोबरात सुरू झाले आणि महिनाभरात थांबले. पण त्या युद्धाच्या नावाखाली भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन डांबण्यात आले. त्यांत आसाममधल्या माकुमचे होते, दार्जिलिंगचे होते. म्हातारे होते, लहान मुले होती, आणि त्यांतले काही जण पुढे अनेक वर्षे तिथेच राहिले. आंटी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. त्यांचे कुटुंब छावणीत गेले नाही, पण त्यांच्या वडिलांना पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी लागायची. त्या दिवशी वडील धुतलेला पांढरा सदरा घालायचे आणि लग्नाला निघाल्यासारखे केस विंचरून जायचे, एवढेच आंटींनी मला एकदा सांगितले. त्याविषयी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारले नाही.

जून २०२०मध्ये लडाखमधल्या गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान शहीद झाले, तेव्हा माझेही रक्त खवळले होते आणि ते खवळायलाच हवे होते. पण तिसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या हॉटेलातून पार्सल मागवू नका असा निरोप फिरला. एका केंद्रीय मंत्र्यांनी तर चायनीज खाद्यपदार्थ विकणारी हॉटेले बंद करा, असे जाहीर आवाहनही केले होते. ग्रुपवरच्या त्या निरोपाला मी उत्तर दिले नाही. दिवसभर मोबाइल हातात घेऊन बसलो आणि एक अक्षरही लिहिले नाही. संध्याकाळी आंटींचाच फोन आला. माझे अक्षर चांगले आहे, तेव्हा दारावर लावायला एक पाटी लिहून देशील का, असे त्यांनी विचारले. मी लिहून दिली: ‘आम्ही भारतीय आहोत’. चार शब्दसुद्धा नाहीत. ज्या बाईने माझ्या बापाला अंथरुणावर पेज भरवली, तिला भारतीय असल्याची पाटी दारावर लावावी लागली आणि ती मी सुवाच्य अक्षरात रंगवली. या गोष्टीची लाज माझ्या मनातून अजून गेलेली नाही. कदाचित आज त्या मुलावर जेवढा चिडलो, त्यातला निम्मा राग त्या दिवसाचा असेल.

तो मुलगा वाईट नव्हता, हे कबूल करतो. निघताना तो आंटींच्या पाया पडला. हॉटेलाची जाहिरात होते, गिऱ्हाईक वाढते, हेही मान्य. गेल्या वर्षभरात दुपारची टेबले रिकामी दिसतात हे मीही पाहतो आहे. नूडल्स अलीकडे जरा तेलकट होतात, कारण अंकल गेल्यापासून कढईवर नवीन मुले आहेत, तेही ठीक. त्यांतला एक दार्जिलिंगचा आहे आणि त्यालाही गिऱ्हाइके ‘ए चिनी’ म्हणूनच हाक मारतात. त्याचे दुःख वेगळे आहे आणि तेवढेच मोठे आहे.

डब्याची गोष्ट मी मघाशी पूर्ण सांगितली नाही. आंटी पेज घेऊन आल्या तेव्हा आई दारात क्षणभर थांबली होती. चाळीतल्या बायका कठड्याला टेकून पाहत होत्या. चिनी लोक काय काय खातात याविषयी आमच्या मजल्यावर जे बोलले जायचे, ते आईनेही ऐकलेले होते. तिने चमचा घेतला, बाबांच्या आधी स्वतः एक घोट घेतला आणि मगच वाटी बाबांच्या हातात दिली. आंटींनी ते पाहिले आणि त्या काही बोलल्या नाहीत. आई पुढे कितीतरी वर्षे म्हणायची की, तो चमचा मी घ्यायला नको होता. तिने त्याची भरपाई तिच्या पद्धतीने केली. डबा रिकामा परत करायचा नाही, या आपल्या रीतीप्रमाणे तिने तिन्ही पुडांत ओल्या नारळाच्या करंज्या भरून पाठवल्या. पुढच्या आठवड्यात आंटींकडून तो भरून परत आला. मग आमच्याकडून गेला. दिवाळीला फराळ आणि चिनी नववर्षाला संत्री व तांदळाच्या पिठाची चिकट गोड वडी, असा तो डबा पस्तीस वर्षे दोन घरांमध्ये फिरतो आहे. आता तो मुळात कोणाचा, हे कोणी विचारत नाही.

तो कोणाचा हे झाकणावर लिहिलेले आहे, ही गोष्ट वेगळी. भांड्यांच्या दुकानात आपण भांडे घेतले की दुकानदार मशीनने टिंबाटिंबांत नाव घालून देतो, तसे आंटींच्या सासूबाईंनी घालून घेतलेले आहे. त्यांचे दोन अक्षरी चिनी आडनाव, देवनागरीत, पुढे ‘माझगाव’. घासून घासून त्यातली काही टिंबे पुसट झाली आहेत.

आज मी त्यात आईच्या हातच्या घावण्या आणि नारळाचा रस नेला होता. आईला आता ओट्याजवळ फार वेळ उभे राहवत नाही, तरी आंटींच्या डब्यासाठी ती उठते. तो मुलगा गेल्यावर मी तावातावाने बोलायला लागलो, तेव्हा आंटींनी मला समोर बसवले आणि म्हणाल्या, “तू कशाला तापतोस? जेवलास काय?” मी जेवलो नव्हतो. त्यांनी आतून राइस मागवला, मी खाईपर्यंत डबा धुऊन पुसला आणि उठताना माझ्या हातात दिला तेव्हा तो जड होता. आईला परवा ताप होता, हे मी बोलता बोलता सांगून गेलो असेन. घरी येऊन खालचे पूड उघडले. पेज अजून गरम होती.